पाणीवापराच्या कार्यक्षमतेचे नवे कायदे आणि स्थानिक पाणीपुरवठादार : मदतीला जाणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

पाणीवापराच्या कार्यक्षमतेविषयीचे नवे कायदे पुरवठादाराकडे मुख्यतः एक गोष्ट मागतात, ती म्हणजे व्यवस्थेत आलेल्या पाण्याचे पुढे काय झाले याचा हिशेब. पूर्वी टंचाईच्या वर्षी नागरिकांना काटकसरीचे आवाहन केले जाई आणि पाऊस झाला की ते विसरले जाई. आता टंचाई असो वा नसो, दरवर्षी प्रत्यक्ष वापर मोजायचा, तो ठरवून दिलेल्या उद्दिष्टाशी ताडून पाहायचा आणि नियामकाला कळवायचा, अशी कायमची जबाबदारी येते. मोठ्या शहरांच्या संस्थांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतात. पाच-दहा हजार जोडण्या सांभाळणाऱ्या लहान पुरवठादाराकडे मात्र एखादा अभियंता, मोजके व्हॉल्व्हमन आणि बिले काढणारा कारकून एवढेच मनुष्यबळ असते. अशा संस्थेला मदत करण्यासाठी जे अभियंते, सल्लागार किंवा स्वयंसेवी कार्यकर्ते नव्याने या कामात आले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी मी मुख्यतः अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा कायदा घेतला आहे, कारण त्यातील आकडेमोड सर्वांत स्पष्टपणे मांडलेली आहे. कामाची पद्धत मात्र कोणत्याही ठिकाणी जवळपास हीच राहते.

पहिली पायरी : कायदा चार प्रश्न मनात ठेवून वाचणे

कायद्याची प्रत हातात आल्यावर सर्व कलमांचा सारांश काढत बसू नये. आधी चार गोष्टी शोधाव्यात. हा कायदा या पुरवठादाराला लागू होतो का? तो नेमके काय मोजतो? उद्दिष्ट प्रत्येक घरासाठी आहे की संपूर्ण पुरवठा क्षेत्रासाठी? कोणत्या तारखेला काय सादर करायचे आहे?

कॅलिफोर्नियात २०१८ साली विधानमंडळाने दोन विधेयके संमत केली आणि त्यांच्या आधारे राज्याच्या जलसंसाधन नियंत्रण मंडळाने जुलै २०२४ मध्ये नियम स्वीकारले. ते १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. ज्यांच्याकडे ३,००० पेक्षा जास्त जोडण्या आहेत किंवा जे वर्षाला ३,००० एकर-फूट, म्हणजे सुमारे ३७ लाख घनमीटर, यांहून अधिक पाणी पुरवतात, अशाच शहरी किरकोळ पुरवठादारांना ते लागू आहेत. त्याहून लहान संस्था या उद्दिष्टांच्या बाहेर राहतात. घरातील वापरासाठी तेथे दरडोई दररोज ४७ गॅलन, म्हणजे सुमारे १७८ लिटर, हे मानक २०२५ पासून आहे. २०३० पासून ते ४२ गॅलनवर, म्हणजे सुमारे १५९ लिटरवर येते. इंग्लंडने निराळा मार्ग घेतला आहे. तेथे सार्वजनिक पुरवठ्याचा दरडोई वापर २०१९-२० च्या तुलनेत मार्च २०३८ पर्यंत २० टक्क्यांनी कमी करण्याचे वैधानिक लक्ष्य आहे. पहिल्या प्रकारात ठरावीक मानकावरून आकडा उभा करावा लागतो, दुसऱ्यात आधारवर्षाच्या नोंदी किती खऱ्या आहेत यावर सगळे अवलंबून असते. म्हणून हा फरक पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावा.

तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त गैरसमज होतात. कॅलिफोर्नियाचे १७८ लिटर हे कोणत्याही कुटुंबावर घातलेले बंधन नाही. ते पुरवठादाराचे एकत्रित उद्दिष्ट काढण्यासाठी वापरायचे परिमाण आहे. एखाद्या घरात दुप्पट वापर झाला म्हणून त्या घराला या नियमाखाली दंड होत नाही. पुरवठादाराच्या संचालकांना आणि नागरिकांना हे पहिल्याच बैठकीत नीट सांगितले नाही, तर पुढची सगळी ताकद अफवा खोडून काढण्यात जाते.

दुसरी पायरी : पाण्याचा ताळेबंद

नवीन माणसाने सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली मांडलेला पाण्याचा प्रमाणित ताळेबंद आज जगभर वापरला जातो. त्याची मांडणी सोपी आहे. व्यवस्थेत आलेले एकूण पाणी एका बाजूला लिहायचे. त्यातून अधिकृत वापर वजा करायचा, मग तो बिल लागलेला असो किंवा अग्निशमन, जलवाहिन्या धुणे, टाक्या साफ करणे यांसारखा बिलाबाहेरचा असो. उरते ती तूट. या तुटीचे पुन्हा दोन भाग होतात. मंद चालणारे मीटर, नोंदीतील चुका आणि अनधिकृत जोडण्या यांमुळे होणारी आभासी तूट हा पहिला भाग, आणि जमिनीत झिरपून किंवा टाक्या भरून वाहून खरोखर वाया जाणारी प्रत्यक्ष गळती हा दुसरा.

समजा, एका महिन्यात १,००,००० घनमीटर पाणी व्यवस्थेत आले. बिल झालेला वापर ७४,००० घनमीटर आणि बिलाबाहेरचा अधिकृत वापर २,००० घनमीटर आहे. म्हणजे तूट २४,००० घनमीटर झाली. मीटरच्या चाचण्यांवरून आणि नोंदींवरून आभासी तूट ५,००० घनमीटर धरली, तर प्रत्यक्ष गळती १९,००० घनमीटर उरते. जोडण्या ८,००० असतील, तर ही गळती दर जोडणीमागे दररोज सुमारे ७९ लिटर होते.

आता या सगळ्याचा पाया पाहावा. जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी मोजणारा मुख्य मीटर जर ५ टक्के जास्त दाखवत असेल, तर वरच्या उदाहरणातील जवळजवळ ५,००० घनमीटर पाणी कधी आलेलेच नसते आणि प्रत्यक्ष गळतीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग केवळ कागदावरचा ठरतो. त्या कागदी गळतीमागे माणसे आणि पैसा धावू लागण्याआधी मुख्य मीटरची तपासणी करून घ्यावी. टाकीचा प्रवेश बंद-चालू करून पातळीतील बदलावरून मीटर पडताळण्याची जुनी पद्धत लहान संस्थेला परवडते आणि पुष्कळदा पुरेशीही ठरते.

दुसरी हमखास चूक तारखांची असते. मुख्य मीटर महिनाअखेरीस वाचला जातो आणि घरांचे मीटर मात्र पंधरा-वीस दिवसांत टप्प्याटप्प्याने, काही ठिकाणी दोन महिन्यांतून एकदा. अशा वेळी महिन्याचा ताळेबंद फसवा असतो. उन्हाळा सुरू होताना तूट फुगलेली दिसते आणि तो संपताना आटलेली. त्यामुळे ताळेबंद पूर्ण वर्षाचा करावा आणि वाचनाच्या तारखांमधील फरक प्रमाणात जुळवून घ्यावा.

गळती टक्क्यांत सांगण्याची सवयही येथेच मोडावी. एकूण १,००० एकक पाण्यात २०० एकक गळती असेल, तर ती २० टक्के होते. नागरिकांनी मनापासून बचत करून वापर ८०० वरून ६०० एककांवर आणला आणि गळती आहे तेवढीच राहिली, तर ती २५ टक्के दिसू लागते. एक थेंबही जास्त वाया गेलेला नसताना पुरवठादाराची कामगिरी बिघडल्याचे चित्र उभे राहते. म्हणूनच कॅलिफोर्नियाचे गळतीचे मानक टक्क्यांत नाही. ते दर जोडणीमागे, आणि विरळ वस्तीत वाहिनीच्या दर मैलामागे, रोजच्या प्रमाणात दिलेले आहे. कायद्यात काहीही असो, अंतर्गत अहवालात गळती नेहमी घनमीटरमध्ये आणि दर जोडणीमागे लिटरमध्ये लिहावी.

तिसरी पायरी : स्वतःच्या वाहिन्यांतील गळती

नागरिकांना बचत करायला सांगण्याआधी पुरवठादाराने स्वतःची गळती हाताळलेली असावी. हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न नाही. रस्त्यावर दहा दिवस पाणी वाहताना पाहिलेला माणूस घरातला नळ बारीक करण्याची विनंती ऐकून घेत नाही, आणि त्याचे चुकते असेही म्हणता येत नाही.

फुटलेली मोठी वाहिनी सर्वांना दिसते, पण हिशेबात ती फारशी मोठी नसते. सेकंदाला २० लिटर वाहणारी फूट सहा तासांत बंद केली, तर ४३२ घनमीटर पाणी जाते. घराची नळी मुख्य वाहिनीला जोडणाऱ्या फेरूलजवळची सेकंदाला अर्धा लिटरची गळती कोणाच्याही लक्षात न येता ९० दिवस चालू राहिली, तर ३,८८८ घनमीटर, म्हणजे त्याच्या नऊपट पाणी जाते. म्हणून गळतीचे वय कमी करणे हे खरे काम आहे. गळती सुरू झाल्यापासून ती कळेपर्यंत किती दिवस जातात, कळल्यापासून नेमकी जागा सापडेपर्यंत किती आणि सापडल्यापासून दुरुस्तीपर्यंत किती, या तीन आकड्यांची नोंदवही पुरवठादाराकडे नसेल, तर ती पहिल्याच दिवशी सुरू करून द्यावी. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

त्यानंतर क्षेत्राचे भाग पाडावेत. साधारण ५०० ते ३,००० जोडण्यांचा एक भाग सीमेवरचे व्हॉल्व्ह बंद करून वेगळा करायचा आणि त्यात येणारे पाणी एका मीटरवर मोजायचे. जेथे पुरवठा चोवीस तास आहे, तेथे मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या सुमारास लोकांचा वापर सर्वांत कमी असतो. त्या वेळी होणाऱ्या प्रवाहातून रात्रीचा थोडासा रास्त वापर वजा केला की उरलेला बहुतेक प्रवाह गळतीचाच असतो. हा रात्रीचा किमान प्रवाह आठवड्यागणिक लिहून ठेवला, तर नवी गळती सुरू झाल्याचे काही दिवसांत कळते. पुरवठा ठरावीक तासच होत असेल, तर ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. अशा ठिकाणी एखाद्या भागाला चाचणीपुरता रात्रभर पुरवठा देऊन मोजणी करावी लागते.

दाबाकडे सहसा शेवटी लक्ष जाते, खरे तर ते आधी जायला हवे. मिश्र प्रकारच्या वाहिन्यांच्या जाळ्यात सरासरी दाब १० टक्क्यांनी कमी केला, तर गळतीही साधारण तितक्याच प्रमाणात कमी होते, आणि प्लास्टिकच्या वाहिन्यांतील चिरांच्या बाबतीत तर त्याहून अधिक, कारण दाबाबरोबर चीरही उघडत जाते. शिवाय नव्याने फुटण्याचे प्रमाण घटते आणि वाहिन्यांचे आयुष्य वाढते. उंच टाकीखालच्या सखल भागात रात्री अनावश्यक दाब असतो. तेथे दाब नियंत्रित करणारा एक व्हॉल्व्ह बसवणे हे अनेकदा वाहिनी बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. मात्र वरच्या मजल्यांना आणि अग्निशमनाला लागणारा किमान दाब आधी मोजून घ्यावा.

जागा शोधण्यासाठी ऐकण्याची कांडी आणि दोन टोकांवरील आवाजाची वेळ जुळवणारी यंत्रे वापरतात. धातूच्या वाहिनीत आवाज दूर जातो, प्लास्टिकमध्ये लवकर विरतो. त्यामुळे तेथे संवेदक जवळजवळ लावावे लागतात. ही यंत्रे प्रत्येक लहान संस्थेने विकत घेण्याची गरज नाही. शेजारच्या चार-पाच पुरवठादारांनी मिळून एक संच आणि तो वापरणारा एक प्रशिक्षित माणूस ठेवला, तर सर्वांचे काम भागते, आणि बाहेरून मदतीला आलेल्या व्यक्तीने असे एकत्र येणे जुळवून दिले तर ते मोठेच काम होते.

चौथी पायरी : मीटर

जुना मीटर झिजला की तो बारीक धार मोजत नाही. त्यामुळे मीटर सरसकट बदलण्याचा सल्ला लगेच दिला जातो, पण आधी वय आणि प्रकारानुसार काही मीटर काढून चाचणीच्या बाकावर तपासावेत. मोठ्या ग्राहकांचे मीटर सर्वांत आधी घ्यावेत, कारण एखादे रुग्णालय किंवा कारखाना यांच्या मीटरमधील लहानशी त्रुटी शेकडो घरांच्या त्रुटींएवढी असते. गरजेपेक्षा मोठ्या आकाराचा मीटर बसवलेला असणे हेही मंद नोंदीचे नेहमीचे कारण आहे.

येथे एक धोका आहे आणि तो नवख्या माणसाच्या लक्षात उशिरा येतो. मीटर बदलल्यावर पूर्वी आभासी तुटीत मोडणारे पाणी वापराच्या रकान्यात येते. लोक पूर्वीइतकेच पाणी वापरत असतात, तरी दरडोई वापर वाढलेला दिसतो, आणि ज्या वर्षी पुरवठादाराने सर्वांत चांगले काम केले त्याच वर्षी तो उद्दिष्टापासून दूर गेल्यासारखा दिसतो. मीटर बदलल्याच्या तारखा, संख्या आणि चाचणीत आढळलेली त्रुटी यांची टिपणी अहवालासोबत जोडण्याची तयारी म्हणूनच आधीपासून ठेवावी. बिलेही अचानक वाढतात. ग्राहकांना ते बिल हातात पडण्याआधी कळवणे, हा साध्या सौजन्याचा भाग आहे.

पाचवी पायरी : उद्दिष्टाची आकडेमोड

कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत चार आकड्यांची बेरीज होते. घरातील कार्यक्षम वापर, घराबाहेरील बागेचा वापर, स्वतंत्र सिंचन मीटर असलेल्या व्यावसायिक व संस्थात्मक हिरवळीचा वापर आणि अनुज्ञेय गळती. दुकाने व कारखान्यांच्या आतील वापराचे आकारमान या बेरजेत धरलेले नाही. त्यांच्यासाठी वेगळे कामगिरीचे उपाय सांगितले आहेत. लोकसंख्या ३०,००० असेल, तर पहिला आकडा दररोज ३०,००० गुणिले १७८ लिटर, म्हणजे ५,३४० घनमीटर येतो. बागेसाठी सिंचित क्षेत्रफळ, त्या ठिकाणचे बाष्पीभवन-उत्सर्जन, म्हणजे जमिनीतून व झाडांतून हवेत जाणारे पाणी, आणि ठरवून दिलेला गुणक यांचा गुणाकार करतात. हा गुणक आज ०.८० आहे, २०३५ मध्ये ०.६३ आणि २०४० मध्ये ०.५५ होतो. क्षेत्रफळाची माहिती राज्याच्या जलसंसाधन विभागाने हवाई छायाचित्रांवरून काढून पुरवठादारांना दिली आहे.

सर्वांत जास्त चूक लोकसंख्येत होते. पुरवठ्याची हद्द आणि जनगणनेची हद्द क्वचितच जुळते. हद्दीतील काही घरे स्वतःच्या विहिरीवर असतात, तर काही ठिकाणी एका जोडणीवर चार कुटुंबे असतात. लोकसंख्येत १० टक्के चूक झाली, तर घरातील वापराच्या उद्दिष्टातही थेट १० टक्के चूक होते. त्यामुळे हद्दीचा नकाशा जनगणनेच्या गटांवर ठेवून मोजणी करावी आणि ती कशी केली हे लिहून ठेवावे.

विशेष परिस्थितीसाठी सवलत मागण्याची तरतूद असेल, तर ती सुरुवातीलाच पाहावी. कॅलिफोर्नियात पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे कूलर, घोडे व अन्य पशुधन, हंगामी लोकसंख्या अशा कारणांसाठी वाढीव पाणी धरता येते, पण त्यासाठी पुरावा लागतो आणि पुरावा गोळा करायला एक पूर्ण हंगाम जातो.

सहावी पायरी : ग्राहकांबरोबरचे काम

आता ग्राहकांकडे जावे, आणि सरसकट जाऊ नये. बारा महिन्यांच्या नोंदींचा आलेख काढला, तर थंडीतील किमान वापर साधारणपणे घरातील वापर दाखवतो आणि उन्हाळ्यातील वरचा उंचवटा बागेचा. ज्या भागात उंचवटा मोठा आहे, तेथे सिंचनाच्या वेळापत्रकावर काम करावे. जेथे तळरेषाच उंच आहे, तेथे घरातील गळती आणि जुनी उपकरणे शोधावीत. अमेरिकेत १९९४ पासून नव्या घरगुती शौचकुंडीला एका फ्लशमागे सुमारे ६ लिटरची मर्यादा आली. त्याआधीच्या कुंड्यांना १३ लिटर किंवा अधिक लागत. अशी जुनी कुंडी बदलली की बचत कायमची होते, ती रोजच्या सवयीवर विसंबत नाही. दर तासाला नोंद देणारे मीटर असतील, तर ज्या घरात चोवीस तासांत एकदाही प्रवाह शून्यावर येत नाही, त्या घराला गळतीची सूचना पाठवता येते. माझ्या मते ग्राहकांसाठीचा यापेक्षा उपयोगी उपक्रम दुसरा नाही.

सवलत योजनांचा लाभ बहुधा ज्यांच्याकडे आधी खर्च करायला पैसे असतात त्यांनाच मिळतो. गरीब घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत उपकरणे थेट बसवून देण्याची योजना ठेवावी. ज्या कुटुंबाचा वापर आधीच मानकापेक्षा कमी आहे, त्याच्याकडे आणखी बचत मागू नये.

सातवी पायरी : महसूल आणि दर

विक्री घटली की उत्पन्न घटते, पण खर्च त्या प्रमाणात घटत नाही. वाहिन्या, टाक्या, पगार आणि कर्जाचे हप्ते पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून नसतात. मग दर वाढवावे लागतात, आणि पाणी वाचवले म्हणून शिक्षा झाली असे लोकांना वाटते. हे टाळण्यासाठी पुढील पाच वर्षांतील अपेक्षित घट आधीच अंदाजपत्रकात धरावी, स्थिर आकार व वापरानुसार आकार यांचा तोल तपासावा आणि बचतीमुळे कोणता नवा खर्च टळला हे लोकांपुढे आकड्यांनिशी ठेवावे. टप्पेवार चढे दर लावताना कायद्याची मर्यादा पाहावी. कॅलिफोर्नियात मतदारांनी १९९६ साली संमत केलेल्या २१८ व्या प्रस्तावानुसार पाण्याचा दर सेवेच्या खर्चाशी सुसंगत असावा लागतो. सॅन हुआन कॅपिस्ट्रॅनो शहराचे टप्पेवार दर त्या खर्चाशी जोडून दाखवता आले नाहीत म्हणून २०१५ साली अपील न्यायालयाने ते अवैध ठरवले.

आठवी पायरी : बचतीचे परिणाम आणि वार्षिक अहवाल

वापर कमी झाला की पाणी वाहिन्यांत जास्त वेळ राहते. उरलेले क्लोरीन कमी होते आणि क्लोरीनच्या उपउत्पादनांचे प्रमाण वाढू शकते. म्हणून जाळ्याच्या टोकांना नमुने घेण्याची वारंवारता वाढवावी आणि गरजेपेक्षा मोठ्या टाक्यांतील साठ्याची पातळी खाली आणावी. मलवाहिन्यांत प्रवाह मंदावून घन पदार्थ साचतात, आणि शुद्धीकरण केंद्रात येणारे सांडपाणी अधिक दाट होते. मलनिःसारण दुसऱ्या संस्थेकडे असेल, तर तिला अपेक्षित घटीचे आकडे आधीच द्यावेत.

अहवालाची तयारी वर्षाच्या अखेरीस सुरू करू नये. प्रत्येक आकड्यासमोर तो कोठून आला, कोणी मोजला आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे तीन रकाने वर्षभर भरत जावेत. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्याने गळतीचे वार्षिक लेखापरीक्षण बंधनकारक झाले आणि पहिले अहवाल ऑक्टोबर २०१७ पर्यंत मागवण्यात आले. ते तपासणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीचा भर आकडा सुंदर दिसतो की नाही यावर नसतो, तो कसा मिळाला यावर असतो. पहिल्या वर्षी गळती जास्त आणि माहितीचा दर्जा कमी निघाला, तर तो तसाच लिहावा, कारण पहिल्या वर्षी सुशोभित केलेला आकडा पुढच्या प्रत्येक वर्षी सांभाळत बसावा लागतो. उद्दिष्ट गाठले जाणार नाही असे वर्षाच्या मध्यावरच दिसले, तर मुदतीची वाट न पाहता नियामकाला पत्र लिहून कारणे, आतापर्यंत केलेली कामे आणि पुढील दोन वर्षांचे वेळापत्रक कळवावे. या पत्राचा मसुदा मदतनीसाने पुरवठादाराच्या अभियंत्याबरोबर बसून करावा. त्यावर सही अभियंत्याची असते, आणि पुढच्या वर्षी मदतनीस नसला तरी तेच काम त्याला एकट्याने करता आले पाहिजे.